बटण नसलेला टीव्ही

अल्पायुषी ठरलेल्या मालिकेची शिफारस करताना दोन वाक्ये हमखास येतात: ती काळाच्या पुढे होती, आणि वाहिनीवाल्यांनी तिचा अकाली बळी घेतला. ‘मॅक्स हेडरूम’ या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या वाट्याला ही दोन्ही वाक्ये इतक्यांदा आली आहेत की तिच्याविषयी तिसरे काही म्हणता येते, याचा विसरच पडावा. एबीसी वाहिनीवर ३१ मार्च १९८७ रोजी ती सुरू झाली. पहिल्या हंगामाचे सहा भाग, दुसऱ्याचे आठ, असे एकूण चौदा. त्यातलाही एक मूळ प्रक्षेपणात दाखवलाच गेला नाही. दुसऱ्या हंगामात शुक्रवारी रात्री नऊच्या वेळेला, ‘डॅलस’ आणि ‘मायामी व्हाइस’ या दोन बड्या मालिकांसमोर तिला उभे केले गेले. ऑक्टोबरपर्यंत खेळ आटोपला होता. उरलेसुरले भाग १९८८ मध्ये उरकून टाकण्यात आले. इतिहास हळहळण्यासारखाच आहे, पण हळहळ वाटते म्हणून कुणी दहा-बारा तास खर्च करत नाही, करूही नये. तिची भाकिते खरी ठरली म्हणून पाहा, ही शिफारस तर मला त्याहून दुबळी वाटते. माझे म्हणणे असे की ही मालिका मुळात भविष्याविषयी नाहीच. ती १९८७ सालच्या टीव्हीच्या धंद्याची बातमी आहे, आणि बातमी देणारा माणूस त्याच धंद्याच्या पगारावर आहे. नव्या प्रेक्षकाने पाहायचे ते हे दुसरे कलम.

आधी तिचे जग थोडक्यात सांगतो. ही गोष्ट वीस मिनिटांनंतरच्या भविष्यात घडते, अशी सूचना पडद्यावर येते. शतके नाहीत, दशके नाहीत, वीस मिनिटे. शहर अंधारे, ओले, मोडकळीला आलेले. मात्र टीव्ही जागोजागी, रस्त्यावरच्या कचऱ्याच्या ढिगातसुद्धा चालू. चालूच, कारण टीव्ही बंद करण्याचे बटण बाळगणे हा गुन्हा आहे. सत्ता सरकारची नसून वाहिन्यांची आहे. निवडणुकासुद्धा टीव्हीवरच होतात. प्रत्येक वाहिनीचा आपला उमेदवार असतो आणि ज्या वाहिनीला प्रेक्षक जास्त तिचा उमेदवार निवडून येतो. ‘नेटवर्क २३’ ही त्यातली अग्रगण्य वाहिनी. एडिसन कार्टर तिचा नावाजलेला बातमीदार. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो स्वतःच थेट प्रक्षेपण करत हिंडतो. नियंत्रण कक्षात बसलेली थिओरा जोन्स त्याच्या कानात बोलत असते, शहरातली दारे, लिफ्ट, सुरक्षा कॅमेरे संगणकावरून उघडून देत असते. मरे हा निर्माता सदैव घामाघूम. ब्राइस लिंच हा मिसरूड न फुटलेला संगणकतज्ज्ञ वाहिनीचे संशोधन सांभाळतो आणि आपल्या शोधांचे पुढे काय होते याची फिकीर करत नाही. आणि मॅक्स हेडरूम म्हणजे एडिसनच्याच मेंदूची संगणकात उतरलेली प्रत: नुसते डोके आणि खांदे, अडखळत बोलणारे, आगाऊ, वाहिनीच्या कुठल्याही पडद्यावर मनाला येईल तेव्हा टपकणारे.

पहिल्या भागाचे नाव ‘ब्लिपव्हर्ट्स’. तीस सेकंदांच्या जाहिराती तीन सेकंदांत कोंबायच्या, म्हणजे प्रेक्षकाला वाहिनी बदलायला सवडच मिळणार नाही, ही ब्राइसची युक्ती. अडचण एवढीच की दिवसभर खुर्चीत बसून असलेल्या काही प्रेक्षकांच्या मज्जासंस्थेला हा मारा झेपत नाही आणि ते अक्षरशः फुटतात. वाहिनीच्या संचालक मंडळाला हे ठाऊक आहे. ‘झिक-झॅक’ नावाची बडी जाहिरातदार कंपनी हातची जाऊ नये म्हणून अध्यक्ष ग्रॉसबर्ग प्रकरण दाबतो. एडिसनला पुरावा सापडतो, तो मोटारसायकलवरून निसटू पाहतो आणि वाहनतळाच्या आडव्या दांड्यावर आदळतो. त्या दांड्यावर वाहनाच्या कमाल उंचीची सूचना असते. शुद्ध हरपण्यापूर्वी त्याला दिसलेले ते शेवटचे शब्द, म्हणून प्रतीच्या तोंडी पहिले तेच शब्द येतात आणि तेच तिचे नाव होते. एडिसनने नेमके किती पाहिले हे कळावे एवढ्यासाठीच ही प्रत काढलेली असते, आणि खुद्द एडिसनला ‘बॉडी बँके’त विकायला पाठवलेले असते. तिथून सुटून तो परत येतो आणि ग्रॉसबर्गचे बिंग फोडतो. कुठे? नेटवर्क २३ वरच, थेट प्रक्षेपणात. ग्रॉसबर्ग जातो, बेन शेव्हिअट अध्यक्ष होतो, आणि एडिसन दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत कामावर हजर राहतो.

माणसे फुटण्याची कल्पना वगळली तर यात भविष्यातले असे काय आहे? १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी वाहिन्यांनी तीस सेकंदांच्या जोडीला पंधरा सेकंदांच्या जाहिराती घ्यायला सुरुवात केली होती. रिमोट आणि व्हीसीआर घरोघर पोचल्यामुळे जाहिरात लागली की प्रेक्षक पळतो, या चिंतेने जाहिरातदार आणि वाहिनीवाले दोघेही ग्रासलेले होते. ब्लिपव्हर्ट म्हणजे त्याच चिंतेचे उत्तर, फक्त एक पायरी पुढे नेलेले. वाहिन्यांची मालकीही त्याच सुमारास हलली. एबीसी कॅपिटल सिटीज या कंपनीने घेतली. तो सौदा १९८५ मध्ये जाहीर होऊन १९८६ च्या आरंभी पुरा झाला. एनबीसी तिच्या मूळ कंपनीसकट १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली. सीबीएसची सूत्रे लॉरेन्स टिश या उद्योगपतीच्या हाती आली आणि मार्च १९८७ मध्ये, म्हणजे ‘मॅक्स हेडरूम’चा पहिला भाग लागला त्याच महिन्यात, सीबीएसच्या वृत्तविभागातून दोनशेहून अधिक लोकांना काढून टाकण्यात आले. ऑगस्ट १९८७ मध्ये अमेरिकी दूरसंचार आयोगाने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ रद्द केली. वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर वेगवेगळ्या बाजू मांडण्याचे जे बंधन वाहिन्यांवर होते ते गेले. सप्टेंबरात नील्सन कंपनीने प्रेक्षकांच्या हस्तलिखित नोंदवह्यांऐवजी ‘पीपल मीटर’ नावाचे यंत्र देशभरच्या मोजणीसाठी आणले. नेटवर्क २३ च्या बैठकीत संचालक क्षणोक्षणी हलणारा प्रेक्षकांचा आकडा पाहत असतात, तेव्हा लेखकांनी भविष्यात डोकावलेले नसते. ते शेजारच्या खोलीत डोकावलेले असतात. वृत्तविभाग नफ्याच्या खात्यावर आणायचा की तोट्याच्या, हा वाद त्या वर्षी खऱ्याखुऱ्या कचेऱ्यांत चालू होता.

यावर कुणी म्हणेल, कारण काहीही असो, भाकिते खरी ठरली ना? मृत नातेवाइकाची संगणकीय प्रत दाखवून देणग्या उकळणारे ‘डेइटीज’मधले पंथवाले, बर्गरच्या पुड्यासोबत फुकट कडे वाटून गिऱ्हाइकाच्या मेंदूत खरेदीची वासना जागवणारी ‘न्यूरोस्टिम’मधली झिक-झॅक, गरिबांकडून त्यांची स्वप्ने विकत घेऊन वाहिनीवर दाखवणारे ‘ड्रीम थीव्ज’मधले दलाल, यातल्या कशाकशाला आजचे प्रतिरूप शोधता येणार नाही? शोधता येते, आणि शोधणारे शोधतातच. पण भाकितांचा हिशेब लावायचा तर तो पुरा लावावा लागतो. मालिकेच्या जगात इंटरनेट नाही, खिशातला फोन नाही, प्रेक्षक स्वतः काही दाखवू शकत नाही. तिथे मूठभर वाहिन्या सगळ्यांना एकच चित्र दाखवतात. आपल्याकडे प्रत्येकाच्या हातात निराळे चित्र आहे. भविष्यवाणी म्हणून मालिकेला गुण द्यायचे ठरवले तर ती जेमतेम पास होईल. शिवाय अशा शिफारशीचा परिणाम असा होतो की प्रेक्षक दर भागात ‘हे खरे झाले, हे नाही झाले’ एवढीच खूणगाठ मारत बसतो आणि समोर चाललेल्या नाट्याकडे त्याचे लक्षच राहत नाही. नाट्य आहे ते यंत्रांत नाही, माणसांच्या नोकरीत आहे.

इथेच ही मालिका इतर डिस्टोपियांपासून वेगळी पडते. भयाण भविष्याच्या बहुतेक कथांत एक जुलमी सत्ता असते आणि तिच्या बाहेर पडू पाहणारा एक माणूस असतो. त्याला जाग येते, तो पळतो, लढतो, बहुधा हरतो. एडिसन कार्टर पळत नाही. त्याला पहिल्या भागातच कळते की आपली वाहिनी माणसे मारते, आणि तरीही तो तिथेच राहतो, कारण लाखो पडदे तिच्याकडे आहेत. त्याला थांबवले जात नाही, कारण त्याच्या कार्यक्रमाला प्रेक्षक आहेत. शेव्हिअट हा अध्यक्ष म्हणूनच मला मालिकेतला सर्वांत लक्षवेधी माणूस वाटतो. तो खलनायक नाही, सज्जनही नाही. दर वेळी त्याच्यासमोर दोन आकडे असतात: ही बातमी दाखवली तर किती प्रेक्षक मिळतील, आणि कुठला जाहिरातदार जाईल. पहिला आकडा मोठा निघाला की तो सत्याच्या बाजूने उभा राहतो. त्याची सभ्यता खरी आहे, पण ती आकड्याची परवानगी घेऊन येते. सत्य तिथे दडपले जात नाही. ते विकत घेतले जाते, वेळ ठरवून दाखवले जाते, आणि त्याच्या मध्ये झिक-झॅकची जाहिरात लागते. दडपशाहीविरुद्ध काय करायचे हे साहित्याने आपल्याला पुष्कळ शिकवले आहे. सत्यालाच बाजारभाव आला की सत्य सांगणाऱ्याने काय करावे, याची शिकवणी फार थोड्यांनी घेतली आहे.

‘वॉर’ या भागात हे फार नेमके उतरले आहे. एका अतिरेकी गटाच्या स्फोटांच्या जागी प्रतिस्पर्धी वाहिनीचा कॅमेरा दर वेळी सगळ्यांच्या आधी हजर असतो. कारण साधे आहे: स्फोट दाखवण्याचे हक्क आगाऊ विकले गेलेले आहेत. आता नेटवर्क २३ पुढे पेच पडतो, आणि तो नीतीचा नसतो. वर्षाच्या जाहिरातदरांची बोली त्याच आठवड्यातल्या आकड्यांवर ठरायची असते. ‘ग्रॉसबर्ग्ज रिटर्न’ मध्ये हाकललेला ग्रॉसबर्ग दुसऱ्या वाहिनीत परततो आणि झोपेतही टीव्ही पाहता येतो अशी थाप मारून प्रेक्षकांचा आकडा फुगवतो. ज्या जगात आकड्यावर सरकार ठरते, तिथे ही थाप म्हणजे मतपेटीतली लबाडीच. ‘सिक्युरिटी सिस्टिम्स’ मध्ये एडिसनवर उधारीच्या फसवणुकीचा खोटा आळ येतो. तिथे हा गुन्हा खुनाहून भारी मानला जातो. क्षणात त्याची ओळख, पैसा, दारे उघडण्याचा अधिकार सगळे नाहीसे होते, आणि कालचा नामवंत बातमीदार फुटपाथवर येतो. ‘व्हॅकेट्स’ मध्ये एक इमारत कोसळते आणि वाचलेले रहिवासी ढिगाऱ्यातून आधी टीव्ही बाहेर काढू लागतात. शेवटचा प्रसंग विनोदी आहे, आणि लेखकांनी तो विनोदीच ठेवला आहे, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण. या मालिकेला हसता येते. गंभीर चेहऱ्याच्या डिस्टोपियांनी आपल्याला अलीकडे इतके दमवले आहे की हा गुण आधीच सांगून ठेवलेला बरा.

मग या जगाला बाहेर नाहीच का? आहे, आणि त्याचे चित्रण मालिकेने मोठ्या मायेने केले आहे. ‘ब्लँक’ म्हणजे ज्यांनी सरकारी आणि व्यापारी नोंदींतून स्वतःला पुसून टाकले आहे अशी माणसे. त्यांना खाते नाही, क्रमांक नाही, म्हणून ती कायद्याच्या लेखी नाहीतच. ब्लँक रेग हा पिकल्या वयाचा, केसांचा तुरा मिरवणारा पंक आपल्या डॉमिनिक या जोडीदारणीबरोबर ‘बिग टाइम’ नावाची चाचेगिरीची वाहिनी एका बसमधून चालवतो. रेगला छापील पुस्तकांचे अप्रूप आहे; वीज नसली तरी टिकणारी साठवण अशा थाटात तो पुस्तकाचे गुण सांगतो. ‘द ब्लँक्स’ या भागात नव्याने निवडून आलेला नेता ब्लँकांची धरपकड करतो, तेव्हा त्यांचे साथीदार शहराचे सगळे संगणक बंद पाडण्याची धमकी देतात. ‘लेसन्स’ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरतेच असलेले शैक्षणिक कार्यक्रम चोरून घेऊन पोरांना शिकवणाऱ्या गुप्त शाळेवर छापा पडतो. या भागांत मालिकेची सहानुभूती कुठे आहे याविषयी शंका राहत नाही. पण तिने एक गोष्ट केली नाही, आणि ती न करण्यातच तिचा प्रामाणिकपणा आहे: ब्लँकांना जिंकवले नाही. ते सुटतात, निसटतात, जगतात. सत्ता घेत नाहीत. त्यांची कैफियत शहरापर्यंत पोचायची तर ती अखेर एडिसनच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे नेटवर्क २३ च्या मेहेरबानीनेच पोचते. रेगच्या बसमधून होणारे प्रक्षेपण पाहणारे किती, असा प्रश्न विचारला की स्वातंत्र्य आणि पोच यांचे नाते किती विषम आहे हे कळते.

अपुरी राहिलेली मालिका पाहून उपयोग काय, हा आक्षेप नवा प्रेक्षक हमखास घेतो, आणि एरवी तो रास्तच असतो. मोठे रहस्य उभे करून मध्येच बंद पडलेल्या मालिका म्हणजे शेवटची पाने फाटलेली कादंबरी. ‘फायरफ्लाय’ बंद पडल्यावर तिचे धागे जुळवायला २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट काढावा लागला. ‘मॅक्स हेडरूम’ला ही व्याधी नाही. तिचा प्रत्येक भाग त्या भागापुरता पुरा होतो: भानगड, शोध, थेट प्रक्षेपण, बदनामी, आणि पुन्हा पूर्वस्थिती. हा त्या काळच्या अमेरिकी मालिकांचा साचाच होता, लेखकांनी काही तत्त्व म्हणून तो निवडला नव्हता. पण साचा आणि आशय इथे विलक्षण जुळून आले आहेत. दर आठवड्याला एक भानगड उघडकीला येते, कुणीतरी एक जण पायउतार होतो, आणि वाहिनी तशीच राहते. पुढच्या शुक्रवारी नवी भानगड. शोधपत्रकारितेचा अनुभव याहून वेगळा असतो असे कुठला बातमीदार म्हणेल? शंभर भाग निघाले असते तर कुठल्या तरी भागात नेटवर्क २३ कोसळवण्याचा मोह लेखकांना झाला असता. चौदा भागांत तो टळला. मालिका बंद पडली हे बरे झाले, असे मी म्हणत नाही. दुसऱ्या हंगामातच साचा थोडा सैल पडू लागला होता आणि तिसरा कसा निघाला असता हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. अपुरेपणाची भीती मात्र इथे नाहक आहे.

तिचे खरे दोष निराळे आहेत, आणि शिफारस करणाऱ्याने ते लपवू नयेत. थिओरा कळफलकावर चार बोटे चालवते आणि कुठलेही दार उघडते. दर भागातली सुटका इतकी सोयीची की धोका धोका वाटेनासा होतो. झिक-झॅकचे जपानी मालक हे ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेला वाटणाऱ्या जपानच्या धास्तीचे ढोबळ व्यंगचित्र आहे; आज ते पाहताना अवघडायला होते, आणि व्हायलाच हवे. शरीरे विकणाऱ्या ब्रॉयगेल आणि माहलर या जोडगोळीची गंमत थोड्याच वेळात ओसरते. सगळ्यात मोठी तक्रार खुद्द मॅक्सविषयी होऊ शकते. त्याचे अडखळते चुटके त्या काळी इतके लोकप्रिय होते की एप्रिल १९८७ मध्ये तो ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर झळकला, आज त्यातले निम्मे तरी शिळे लागतात. तरीही त्याला पाहायचे एक कारण आहे. संगणकाने घडवलेला म्हणून मिरवलेला हा चेहरा संगणकाने घडवलेला नव्हता. मॅट फ्रुअर या नटाच्या चेहऱ्यावर तासन्‌तास रबरी रंगभूषा चढवली जाई, अंगावर चकचकीत कडक कोट, आणि अडखळणे संकलनात घातले जाई. एडिसनही तोच नट. खरा आणि कृत्रिम अशा दोन माणसांतला फरक एकाच अंगातून काढायचे काम फ्रुअरने केले आहे, आणि माझ्या मते एडिसनची भूमिका जास्त अवघड होती, कारण तिला आधाराला रबर नव्हते.

मॅक्सच्या लोकप्रियतेची दुसरी बाजूही या युक्तिवादातच बसते. १९८६ मध्ये कोका-कोलाने आपल्या नव्या चवीच्या कोकच्या जाहिरातीसाठी मॅक्सलाच घेतले. म्हणजे जाहिरातीने माणसे फुटतात अशी गोष्ट सांगणारी मालिका अमेरिकेत आली तेव्हा तिचा नायक आधीच शीतपेय विकत होता. यावर ‘मग कसला व्यंगार्थ आणि कसला विरोध?’ असे विचारणारा आक्षेपक चुकीचा नाही. फक्त तो जे मालिकेविरुद्धचा पुरावा म्हणून मांडतो आहे, तेच मालिका दर आठवड्याला कबूल करत होती: या जगात विरोधही प्रायोजकासकट येतो. एबीसीला ही मालिका हवी होती, कारण इतर दोन वाहिन्यांपुढे एबीसी मागे पडत होती आणि काहीतरी चमचमीत दाखवणे तिला भाग होते. एबीसीला ती नकोशी झाली, कारण आकडा आला नाही. शेव्हिअटने वेगळे काय केले असते? मालिका बंद पडली त्याच शरदात, ‘ॲकॅडमी’ या भागात नेटवर्क २३ चे प्रक्षेपण कुणीतरी मध्येच पळवते आणि आळ रेगवर येतो. मालिकेचे नियमित प्रक्षेपण थांबल्यावर, २२ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री, शिकागोत दोन वाहिन्यांचे प्रक्षेपण खरोखरच कुणीतरी पळवले: आधी डब्ल्यूजीएनच्या बातम्यांत काही सेकंद, मग दोनेक तासांनी डब्ल्यूटीटीडब्ल्यूवर ‘डॉक्टर हू’ चालू असताना सुमारे दीड मिनिट. पडद्यावर मॅक्सचा मुखवटा घातलेला माणूस, मागे हलणारा पन्हाळी पत्रा. तो कोण होता हे आजतागायत उघड झालेले नाही. मालिकेचे मोठेपण सिद्ध करायला हा किस्सा वारंवार सांगितला जातो. मला त्यात वेगळेच दिसते. एवढी जोखीम घेऊन हाती आलेल्या दीड मिनिटात त्या माणसाने निरर्थक बडबड आणि चावट चाळे केले. प्रक्षेपण ताब्यात आले म्हणजे सांगण्यासारखे काही असतेच असे नाही. एडिसन कार्टरला हे पक्के ठाऊक असते.

मराठी प्रेक्षकाला ही मालिका १९८७ मध्ये मिळाली असती तर तिचे मर्म कळणे कठीण गेले असते. त्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले होते, वाहिनी सरकारची होती, आणि दोन वाहिन्यांनी एका प्रेक्षकासाठी भांडावे ही कल्पनाच परकी होती. आज टीआरपी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीचे आकडे फुगवल्याच्या आरोपांवरून मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला आणि ‘बार्क’ या मोजणी करणाऱ्या संस्थेने बातम्यांच्या वाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जाहीर करणे थांबवले. आरोप आणि कोर्टकचेऱ्या बाजूला ठेवल्या तरी त्या आठवड्यांत सगळ्या देशाला एक गोष्ट समजून चुकली होती: मोजणीच्या यंत्रांची घरे थोडी, आणि त्या थोड्या घरांवर केवढ्या पैशाचे आणि वजनाचे ओझे. ग्रॉसबर्गची झोपेतल्या प्रेक्षकांची थाप अशा प्रेक्षकाला विज्ञानकथा वाटणारच नाही. चोवीस तास बातम्या पाहिलेला माणूस ‘वॉर’ पाहताना तंत्रज्ञानाकडे बघणार नाही. तो कॅमेरा आधी कसा पोचला हे विचारेल. हाच प्रश्न विचारला जावा म्हणून तो भाग लिहिलेला आहे.

राहिला प्रश्न कुठून सुरुवात करायची. २०१० मध्ये मालिकेच्या डीव्हीडी निघाल्या. ‘ब्लिपव्हर्ट्स’ पहिला पाहणे भाग आहे, त्यावाचून मॅक्स कोण हे कळत नाही. त्यानंतरचा ‘रेकर्स’ मागे ठेवला तरी चालेल. यांत्रिक फळ्यांवरच्या जीवघेण्या शर्यतींची ती गोष्ट सर्वसाधारण आहे. त्याऐवजी ‘सिक्युरिटी सिस्टिम्स’, ‘वॉर’ आणि ‘द ब्लँक्स’ हे पहिल्या हंगामातले तीन भाग सलग पाहावेत. एवढ्यावर मन रमले नाही तर पुढे पाहू नये, दुसऱ्या हंगामात मालिका याहून उंच जात नाही. रमले तर ‘ड्रीम थीव्ज’ आणि ‘लेसन्स’ नक्की. न दाखवलेला भाग तो ‘बेबी ग्रोबॅग्ज’. न दाखवल्यामुळे त्याला जो दर्जा मिळाला आहे तो त्याने कमावलेला नाही.

आणि १९८५ सालचा ब्रिटिश चित्रपट अगदी शेवटी. चॅनल फोरसाठी काढलेला हा तासाभराचा चित्रपट मॅक्सचे मूळ आहे. जॉर्ज स्टोन, ॲनाबेल जँकल आणि रॉकी मॉर्टन यांनी हे पात्र घडवले, तेही मुळात गाण्यांच्या चित्रफितींचा निवेदक म्हणून; निवेदकाला पूर्वकथा हवी म्हणून चित्रपट निघाला. ‘ब्लिपव्हर्ट्स’ची गोष्ट जवळपास तीच, फक्त अधिक मळकट, अधिक काळी. जाणकार म्हणवणारे तो आधी पाहायला सांगतात आणि अमेरिकी मालिका म्हणजे त्याची सपक आवृत्ती असे बजावतात. फरक शेवटात आहे. ब्रिटिश चित्रपटात मॅक्स रेगच्या बसमध्ये, चाच्यांच्या वाहिनीवर जाऊन पोचतो. अमेरिकेत तो नेटवर्क २३ च्याच पडद्यांवर राहतो आणि तिच्याच मालकांना तोंडावर बोलतो. पहिला शेवट जास्त बंडखोर आहे यात वाद नाही. पण दुसऱ्यातून चौदा गोष्टी निघाल्या. बसमध्ये पोचलेला मॅक्स पुढे चॅनल फोरवर गाण्यांच्या चित्रफिती लावत बसला.